पाऊसपाणी काय म्हणतंय?

मामाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तब्येती, पोरांच्या परीक्षा, कांद्याचा भाव, सगळं त्यानंतर. आधी, "पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" मामा मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यात, मी सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात. मधे तासा-दीड तासाची वाट. तरी त्याचं आभाळ वेगळं आणि माझं वेगळं, असं धरूनच तो विचारतो. एका जुलैत भीमेवरच्या उजनी धरणात वापरण्याजोगं पाणी आलं, ते मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मामा, उजनी प्लसमध्ये आली! दौंडचा विसर्ग वाढलाय." मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते धरणाचं झालं गं बाय. मी पावसाचं विचारतोय."

आमच्याकडं त्या दिवशी टिपूस नव्हता. मिरग नुसता वारा सोडून गेला होता, आर्द्राही तशाच. आणि मी मात्र लांब घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाची बातमी आपल्या घरची म्हणून सांगत होते. फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, 'पाऊस' या विषयावर किती निबंध तपासले याची मोजदाद नाही, पण मामा रोज वापरतो तो 'पाऊसपाणी' हा शब्द मी कधी हातात घेऊन बघितला नव्हता.

पाऊसपाणी म्हणजे पावसाचं पाणी नव्हे. त्यात पाऊस आहे, पण पेरणी झाली का, विहिरीला पाणी आलं का, वैरण पुरेल का, यंदा ऊस तोडायला कुणाकुणाला घराला कुलूप लावून जावं लागेल, हेही सगळं त्यात आहे. एवढा मोठा प्रश्न पाच अक्षरांत विचारता येतो. आमच्या शेजारच्या अक्का अक्कलकोटकडच्या. त्यांच्या माहेरचा फोन आला की गच्चीवरून मला ऐकू येतं, "मळि-बेळि ह्यांग अद?" मळि म्हणजे पाऊस, बेळि म्हणजे पीक. पुस्तकी कानडीत मळे-बेळे. आपण पावसाला पाणी जोडलं, त्यांनी पावसाला पीक जोडलं. नुसता पाऊस दोघांनीही विचारला नाही.

खरं तर 'पाऊस' या शब्दाला आधी पाण्याशी कर्तव्यच नव्हतं. संस्कृतातला 'प्रावृष्' हा त्याचा पूर्वज, आणि प्रावृष् म्हणजे ऋतू. वृष् म्हणजे वर्षणं, ओतणं. त्याला 'प्र' लागला आणि वर्षण्याच्या दिवसांना नाव मिळालं. महाराष्ट्री प्राकृतात त्याचं 'पाउस' झालं. प्रा-मधला र गळाला, व गळाला, ऋ-चा उ झाला, ष मऊ होऊन स झाला. तोंडात घोळून घोळून शब्द असा गुळगुळीत होतो, नदीतल्या गोट्यासारखा. संस्कृतात प्रावृष् स्त्रीलिंगी, 'ती'. प्राकृतात आल्यावर तो 'तो' झाला. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात याचा नियमच घालून दिला आहे, की प्रावृष् आणि शरद् हे शब्द प्राकृतात पुल्लिंगी होतात. आपला पाऊस 'तो' आहे, त्याची नोंद इतकी जुनी.

हिंदीत 'पावस' अजूनही ऋतूच आहे. मराठीनं मात्र वेगळंच केलं. ऋतूचं नाव उचलून थेट आभाळातून पडणाऱ्या धारेला देऊन टाकलं. मग ऋतूला नाव उरलं नाही, म्हणून पाऊस आणि काळ जोडून पावसाळा केला. उन्हाळा आणि हिवाळाही तसेच काळ जोडून झालेले, पण त्यांत ऊन आणि हिंव आधीपासून ऊन आणि हिंवच होतं. पाऊस तेवढा मुळात काळ होता, आणि त्यालाच पुन्हा काळ चिकटवावा लागला. आपण 'पाऊस पडला' म्हणतो तेव्हा जुन्या अर्थानं अख्खा ऋतू खाली पडलेला असतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही खिडकीबाहेर बघायची, हे मला चांगलं आठवतं.

आभाळाचंही तसंच. 'अभ्र' म्हणजे ढग. आपण 'आभाळ आलंय' म्हणतो ते त्याच मूळच्या अर्थानं. नाहीतर आकाश काय कुठून येणार आहे? ते तर असतंच.

आणि 'पाणी'. हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. संस्कृतातला 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. 'पा' म्हणजे पिणं, पान, पेय यांतलं. संस्कृतात पाण्याला शब्दांची ददात नव्हती. जल आहे, उदक आहे, तोय, अंबु, वारि, सलिल आहे. पण लोकांच्या तोंडी टिकला तो तहानेशी बांधलेला शब्द. 'सांडपाणी' म्हणतो त्यातही तो आहे. पिण्याजोगं होतं, सांडलं. गटाराच्या पाण्याच्या नावातसुद्धा तहान बसलेली आहे आणि आपण ती रोज ओलांडून जातो.

'पावसाचं पाणी' हे दोन शब्द एकत्र ठेवले की त्यांच्या मुळाशी एवढंच निघतं: त्या ऋतूचं, पिण्याजोगं.

माझ्या आजीला हे मूळ ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण ती त्याच अर्थानं वागायची. आमचं जुनं घर बाळीवेशीच्या बाजूला, माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर हातभर मातीचा थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर पांढरी माती पसरून ती चोपून घ्यायची, म्हणजे पावसात गळत नाही. माळवदाला एका बाजूला उतार आणि त्या टोकाला पत्र्याची पन्हळ. पन्हळ हा शब्द 'प्रणाल' वरून आला, पण आजी तिला नुसतं 'नळी' म्हणायची. पाऊस सुरू झाला की आम्ही पोरं घंगाळ घेऊन धावायचो आणि ती ओरडायची, "थांबा! पहिलं पाणी जाऊ द्या." पाव तास पाणी नुसतं वाहू द्यायचं. मातकट, चहासारखं, काडीकचरा आणि कबुतरांची घाण घेऊन येणारं. पहिलं पाणी माळवदाचं असतं, दुसरं आभाळाचं, असं ती म्हणायची. मग धार निवळली की तांब्याचं घंगाळ खाली सरकवायचं, त्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा चौपदरी तुकडा ताणून बांधलेला. धार कापडावर पडायची, कापड मधे खोलगट व्हायचं, आणि त्या खोलगटात पाणी क्षणभर थांबून मग खाली झिरपायचं. वर बारीक रेती उरायची. घंगाळ भरत आलं की आवाज बदलायचा, आधी टणटण, मग डबडब. आजी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगायची, "भरलं. हंडा लावा."

या पाण्यात ती तुरीची डाळ शिजवायची आणि आमची डोकी धुवायची. वाड्यातल्या आडाचं पाणी जड होतं, त्यात डाळ तासभर रटरटली तरी टणकच राहायची. कारण पुढं कधीतरी वाचनात आलं. काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून डाळ मऊ होत नाही. साबणाचाही तसाच साका होतो, फेस होत नाही. आभाळातून येणाऱ्या पाण्याला दगड भेटलेलाच नसतो, म्हणून ते हलकं. आजीच्या भाषेत जड आणि हलकं, एवढे दोनच शब्द होते आणि ते पुरत होते.

वाड्यात तीन बिऱ्हाडं. आमचं मराठी. माडीवर कानडी बोलणारं एक कुटुंब. मागच्या खोल्यांत एक पद्मशाली कुटुंब, नवरा-बायको दोघंही चादरीच्या कारखान्यात, बोलणं तेलुगू. पन्हळ एकच. त्यामुळं एकाच धारेला तीन नावं होती. वरून मळेनीरु, मागून वाननीळ्ळु, आणि आमचं पावसाचं पाणी. पाऊस आला की माडीवरून "मळि बंतु!" अशी हाक यायची, म्हणजे पाऊस आला. मागच्या अम्मा भिजत घरी आल्या की त्यांची धाकटी मुलगी विचारायची, "वान पडिंदा?" पाऊस पडला का. ते 'पड' आपल्यासारखंच ऐकू यायचं, म्हणून लहानपणी मला वाटायचं की तेलुगू मला येते. कानडीत पाऊस येतो, तेलुगूत पडतो, आणि मराठीत येतोही, पडतोही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे शिकावं लागत नाही.

त्या दोघींच्या पाण्याला मात्र एकच शब्द होता. नीरु, नीळ्ळु, तोच तो. आणि तोच संस्कृतात 'नीर' म्हणून बसलेला आहे. हा शब्द संस्कृतानं द्राविड भाषांकडून घेतला असं बरेच भाषाभ्यासक मानतात. नीरक्षीरविवेक असा भारदस्त शब्द फळ्यावर लिहिताना मला दरवेळी मागच्या खोलीतली अम्माची कळशी दिसायची.

सोलापुरात पाण्याचं आणि भाषांचं नातं जुनं आहे. गावाचं जुनं नाव सोन्नलगी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदलं. आज किल्ल्याला लागून आहे तेच सिद्धेश्वर तलाव. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, नंदीध्वज बघायला लाखो माणसं त्याच्या काठावर येतात. सिद्धरामेश्वरांनी वचनं लिहिली ती कानडीत. तळ्याचं काम चालू असतानाच संत अल्लमप्रभू इथं आले अशी कथा सांगतात. भक्तीची वाट धरणाऱ्या माणसानं आधी पाणी साठवायची जागा केली, याचं मला लहानपणी काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. या भागात दुसरं काही आधी करताच आलं नसतं.

दक्षिण सोलापुरात भीमा आणि सीना जिथं मिळतात ते हत्तरसंग कुडल. 'कूडु' म्हणजे कानडीत एकत्र येणं, त्यावरून कूडल, संगम. गावाचं नाव कानडी आणि तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरातली ओळ मराठी. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते, आणि तो वाचून प्रकाशात आणण्यात सोलापूरच्या आनंद कुंभारांचा मोठा वाटा. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचील तो विजयी होईल. मी मुलांची सहल घेऊन गेले होते तेव्हा उन्हाळा होता. सीनेच्या पात्रात डबकी होती, भीमेत थोडं पाणी. एका मुलानं विचारलं, "बाई, दोन नद्या मिळतात म्हणता, पण नद्या कुठंयत?" मी म्हटलं, पावसाळ्यात ये. उत्तर बरोबर होतं, पण ते देताना मला बरं वाटलं नाही.

पर्जन्यछायेतला हा जिल्हा. वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी हा शब्दही इथं फसवा. एखाद्या सालात निम्माच पडतो, एखाद्या सालात दोन दिवसांत महिन्याचा पडून जातो आणि माती घेऊन जातो. मराठीत वय सांगायची एक रीत आहे, 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत'. संस्कृतातही 'वर्ष' म्हणजे आधी पाऊस, मग साल. पावसानं सालं मोजायची पद्धत दोन्हीकडं. पण ज्या साली तो आलाच नाही ते साल कसं मोजायचं? आमच्याकडं ते आकड्यानं मोजतात. बहात्तर. आजी म्हणायची, "तुझ्या बापाचं लग्न बहात्तरच्या आधीचं," "ही विहीर बहात्तरची." पुढं 'दुष्काळ' हा शब्द लावायचीही गरज नसायची. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, हे सगळं त्या एका आकड्यात आलं. त्या कामांवर खोदलेले पाझर तलाव अजून गावोगाव आहेत. काहींत आता बाभळी आहेत.

मामा मात्र पावसाचे आकडे सांगत नाही. तो ओल सांगतो. पाऊस झाल्यावर रानात जाऊन खुरप्यानं माती उकरायची आणि ओल किती खाली गेली ते बघायचं. चार बोटं, वीतभर, हातभर. मग वाफसा येण्याची वाट बघायची. वाफसा या शब्दाला शहरात काही कामच उरलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चिखल संपलाय आणि ओल आहे, पाय रुतत नाही आणि ढेकूळ हातात फुटतं, मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. तिचा काळ दोन-चार दिवसांचा. तेवढ्यात पेरलं तर पेरलं.

आमची खरी पेरणी हस्ताच्या आसपास, सप्टेंबर सरताना आणि ऑक्टोबर लागताना. मालदांडी ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगीच नाही. पेरल्यानंतर पाऊस जवळपास संपलेला असतो. पुढचे चार महिने ते पीक उभं राहतं ते काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर. ती काळी चिकणमाती हस्ताचं पाणी पोटात धरून ठेवते आणि ज्वारी ते सावकाश पीत जाते. जानेवारीत हुरडा खाताना आपण सप्टेंबरचा पाऊस खात असतो. मामाच्या 'पाऊसपाणी' मधलं पाणी हे होतं. मी त्याला धरणाची टक्केवारी सांगत होते.

आता वाटतं, माझंही अगदीच चुकलं नव्हतं. उजनीत येतं ते काय आहे? भीमाशंकरच्या डोंगरात, मावळात, पुण्याच्या वर पडलेला पाऊसच. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांनी गोळा करून आणलेला. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणून आमच्याकडं त्याच्या वर 'प्लस' आणि खाली 'मायनस' ही भाषा. सोलापूरकर जुलैत सकाळी उठून आधी दौंडहून धरणात किती पाणी येतंय तो आकडा बघतो. आम्ही 'नळाचं पाणी' आणि 'पावसाचं पाणी' असे दोन वेगळे जिन्नस असल्यासारखे बोलतो. पण नळाला काही दिवसांआड येतं ते दुसऱ्यांच्या गावात पडलेलं पावसाचंच पाणी आहे, दीडशे-दोनशे मैल हिंडून आलेलं. इंग्रजांनी हिप्परग्याला एकरुख तलाव बांधला, तो १८७१ साली पुरा झाला. त्यातलं पाणीही इथल्याच ओढ्या-नाल्यांचं, म्हणजे इथल्याच पावसाचं. पाऊस नसलेलं पाणी मी शोधत राहिले आणि मला ते सापडलं नाही. बोअरचंसुद्धा जुन्या पावसाचंच.

हे उमगायला मला फार उशीर लागला. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा गच्चीचे दोन्ही पाइप ठेकेदारानं सरळ रस्त्याकडच्या गटारात सोडले, आणि मी बघत उभी होते. माळवदाच्या घरात वाढलेली बाई. अकरा वर्षं ते पाणी तसंच गेलं. माझी गच्ची हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साडेपाचशे मिलिमीटरनं गुणलं की वर्षाला ५१ हजार लिटर. एका संध्याकाळी हिशोबाच्या वहीत हा गुणाकार केला आणि पेन खाली ठेवून बसून राहिले. त्याच अकरा वर्षांत उन्हाळ्यात टँकरसाठी फोन केले होते, रात्री दोनला उठून मोटर लावली होती.

आता एक पाइप बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात सोडलाय. त्यात मोठी खडी, त्यावर बारीक खडी, वर वाळू. दुसरा पाइप मुद्दाम कमरेएवढ्या उंचीवर कापून मोकळा ठेवलाय, पहिलं पाणी जायला. त्याला आता 'जलपुनर्भरण' म्हणतात, फॉर्मवर तसं लिहावं लागतं. आजी 'पाणी धरणं' म्हणायची. "पोरी, पाणी धर." धरायचं म्हणून ते धरण. उजनीचं आणि आजीच्या घंगाळाचं क्रियापद एकच आहे.

गेल्या वर्षी हस्त लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी उकडून आलं. ईशान्येकडून आभाळ आलं, काळंनिळं, खाली झुकलेलं. मी चहा टाकत होते तेवढ्यात मामाचा फोन. "पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" त्याच्याकडं आदल्या रात्री झाला होता. ओल वीतभर गेली होती, ऊन पडलं तर परवा वाफसा येणार होता, बी काढून ठेवलं होतं. तो बोलत असतानाच गच्चीवर टपटप सुरू झालं. पलीकडून अक्कांचा आवाज आला, "मळि बंतु री!" कपडे काढायची धावपळ. मी फोन कानाला लावूनच मागच्या दारी गेले. मोकळ्या पाइपातून मातकट पाणी येत होतं. आजीचं घंगाळ तिथंच पालथं ठेवलेलं असतं.

"मामा, थांब, ठेवते. धार निवळली की घंगाळ लावायचंय."

"ठेवू नको," मामा म्हणाला. "तसाच धर फोन."

पाणी निवळेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मी घंगाळ सरकवलं, कापड ताणलं, आणि फोन पाइपाजवळ धरून उभी राहिले. आधी टणटण आवाज आला, मग हळूहळू बदलत गेला.